नोटिशीआधीचा वकील

कर्जाच्या हुकूमनाम्यापोटी अटक झालेल्या माणसाला न्यायालयापुढे उभे केले, की न्यायाधीशाने त्याला एक गोष्ट सांगायचीच असते: तुला नादार जाहीर होण्यासाठी अर्ज करता येतो, आणि तू काही लबाडी केलेली नसेल तर तुझी सुटका होऊ शकते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५५व्या कलमात हे लिहिलेले आहे. न्यायाधीशाच्या मर्जीवर ते सोडलेले नाही. त्याने ते सांगितलेच पाहिजे. कर्जाखाली दबलेल्या माणसाला त्याचा हक्क सांगण्याचे काम कायद्याने इतक्या स्पष्टपणे कुणावर तरी टाकले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यासाठी निवडलेली वेळ पाहा. दावा लागला, हुकूमनामा झाला, दरखास्त पडली, बेलिफ दारात आला, सगळ्या गल्लीने पाहिले, माणूस धरून नेला. आणि मग कायदा तोंड उघडतो.

कर्जात बुडालेल्या माणसाला मोफत कायदेशीर सल्ला मिळण्याची सोय आपल्याकडे नाही, असे मला म्हणायचे नाही. सोय आहे. तिच्यामागे संविधान आहे, संसदेचा कायदा आहे, दिल्लीपासून तालुक्यापर्यंत समित्या आहेत. पण ती न्यायालयाच्या फाटकाशी थांबलेली आहे, आणि माणसाचे बरेवाईट त्याच्या कितीतरी आधी, बँकेच्या काउंटरवर, सावकाराच्या ओट्यावर, बायकांच्या गटाच्या मीटिंगमध्ये ठरून जाते. वकील मिळतो तेव्हा कागदावर सही होऊन गेलेली असते. ही मदत नोटिशीच्या आधी पोचली पाहिजे, आणि ती तशी पोचवणे अवघड नाही, एवढेच मला मांडायचे आहे.

जळकोटसारखा तालुका डोळ्यांपुढे ठेवला तर हे नीट कळते. लातूर जिल्ह्याच्या कडेचा, नांदेडच्या मुखेड-कंधारला लागून असलेला हा बालाघाटाचा पट्टा. पावसाच्या भरवशावरचे सोयाबीन आणि तूर. मोठी बाजारपेठ आणि मोठी कचेरी म्हणजे उदगीर, त्याहून मोठे काम असले तर लातूर. इथल्या कर्जबाजारी माणसाचे कागद बहुधा एका प्लास्टिकच्या पिशवीत असतात. पिशवी उलटी केली, की सोसायटीची मागणी नोटीस निघते, ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढलेला सातबारा निघतो, सोने तारणाची पावती, फायनान्सचे हप्त्याचे कार्ड, कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या चिठ्ठ्या, कुणाला तरी जामीन राहिल्याची पतसंस्थेची नोटीस, आणि सगळ्यात खाली घडी घालघालून फाटत आलेला, शंभराच्या मुद्रांकावरचा एक कागद. पिशवीचा मालक या सगळ्याला मिळून ‘कर्ज’ म्हणतो आणि एका बेरजेने घाबरतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही सगळी वेगवेगळी प्रकरणे आहेत. एकात जमीन जाऊ शकते, एकात जमिनीला हातही लावता येत नाही, एकात उलट देणेकऱ्यालाच जमीन परत मिळू शकते. ही बेरीज सोडवून दाखवणारा माणूस तालुक्याच्या गावी भेटत नाही. तेच पहिले मोफत काम असायला हवे.

सावकाराच्या कागदापासून सुरुवात करू, कारण भीती सगळ्यात जास्त त्याचीच असते. ‘शेकडा पाच’ म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के याहून जास्त व्याज घेता येत नाही, असे दर शासनाने ठरवून दिले. दामदुप्पटीचा जुना नियम या कायद्यानेही राखला आहे: व्याजापोटी मुद्दलापेक्षा जास्त वसुली नाही. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि सगळ्यात मोलाचे आहे ते कलम १८. व्याजाने पैसे देताना तारण म्हणून ‘खरेदीखत’ करून घेण्याची रीत मराठवाड्यात घरोघर माहीत आहे. पैसे फिटले की जमीन परत फिरवून देऊ, असा तोंडी शब्द असतो, कागदावर मात्र साफ विक्री. असा व्यवहार सावकारीच्या ओघात झाला होता असे चौकशीत दिसले, तर पंधरा वर्षांच्या आतले खरेदीखत रद्दबातल ठरवून जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. अर्ज साध्या कागदावर, सहायक निबंधकाकडे तालुक्यातच देता येतो. दिवाणी दावा नाही, त्याचा मुद्रांक नाही, वर्षानुवर्षांच्या तारखा नाहीत. मुदत मात्र पंधरा वर्षांची आहे, आणि ‘बघू, देईल तो परत’ म्हणत माणसे ती घालवून बसतात.

फायनान्सचे कार्ड बहुधा घरातल्या बाईच्या नावाचे असते. तिला वाटते, हप्ता चुकला तर घर जाईल, पोलीस येतील. हे कर्ज बिनतारणी असते आणि कर्ज थकणे हा गुन्हा नाही. अशा कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे निर्देश १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, हे पाहण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना छळणे यांना मनाई आहे. ठरलेल्या जागी ती लागोपाठ दोनदा आली नाही, तरच घरी येता येते. गावोगाव दिसते ते याच्या नेमके उलट: एकीचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या नऊजणींना तिच्या दारात बसवून ठेवायचे. याविरुद्ध आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पण हा क्रमांक हप्त्याच्या कार्डाएवढा ठळक छापलेला मी कुठल्या गावात पाहिलेला नाही.

पतसंस्थेची जामीनकीची नोटीस हे मात्र खरे संकट असते, आणि माणसे तिलाच सगळ्यात हलके घेतात. ‘मी कुठं पैसे उचलले? मी नुसती सही केली.’ करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला एकदा निघाला, की वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते, आणि त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ज्याच्याकडे निम्मी रक्कम आहे तो इथवर आला कशाला असता? म्हणून दाखला निघण्याआधी, सहायक निबंधकापुढे जी सुनावणी असते, तिथेच म्हणणे मांडावे लागते. त्या नोटिशीकडे दुर्लक्ष केले की पुढचा सगळा मार्ग महाग होतो.

मृत्यूनंतरच्या कर्जाबद्दलचे अज्ञान तर काळीज फाडणारे आहे. ज्या घरातल्या कर्त्या पुरुषाने कर्जापायी जीव दिला, त्या घरी तेराव्याच्या आत वसुलीवाले येतात आणि बाईकडून नव्या कागदावर अंगठा घेतात. दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते, की वारसाची जबाबदारी मेलेल्या माणसाची जी मिळकत त्याच्या हाती आली तेवढ्यापुरतीच. बाईच्या स्वतःच्या मजुरीवर, तिच्या माहेरच्या सोन्यावर ते कर्ज चढत नाही. २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायदा दुरुस्त झाला, त्यानंतर बापाने काढलेल्या कर्जापायी मुलाला केवळ धर्मकर्तव्य म्हणून जबाबदार धरता येत नाही. पण तिने नव्या कागदावर स्वतः सही केली, की ते तिचे स्वतःचे कर्ज झाले. तीन वर्षांची मुदत संपत आलेल्या जुन्या उसनवारीचेही तसेच: मुदत संपण्याआधी ‘देणे कबूल’ असे एका ओळीत लिहून दिले, की मुदत पुन्हा पहिल्यापासून धावू लागते. त्या सहीच्या आदल्या दिवशी भेटलेला वकील जे वाचवू शकतो, ते सहीनंतर भेटलेला उच्च न्यायालयातला वकीलही वाचवू शकत नाही.

आता नादारीकडे. आपल्या देशात सामान्य माणसाच्या दिवाळखोरीसाठी अजून इंग्रजी अमदानीतले कायदेच चालतात: मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा आणि इतर मुलखासाठी १९२० चा. तेव्हा मराठवाडा निजामाकडे होता. त्यामुळे इथे काय कोणत्या दुरुस्तीसह लागू आहे, इथूनच वकिलाला सुरुवात करावी लागते, आणि त्यातला जाणकार जिल्ह्याच्या ठिकाणीही शोधावाच लागतो. १९२० च्या कायद्यातली नादारीच्या अर्जाची किमान रक्कम आजही पाचशे रुपये आहे. अर्ज मंजूर झाला की माणसाची मिळकत न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, धनको न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याच्या मागे लागू शकत नाहीत, आणि सगळे नीट पार पडले तर शेवटी तो कर्जातून मोकळा होतो. मिळकत देण्याच्या निम्मी म्हणजे रुपयाला आठ आणेही भरत नसेल, तर पूर्ण मोकळीक नाकारावी असे त्या कायद्यात आहे. मात्र हे आपल्या दोषाने झाले नाही, असे त्याने पटवून दिले तर गोष्ट वेगळी. दुष्काळ, आजारपण, पडलेला भाव या कारणांना त्या अपवादात जागा आहे. सरकारी देणी, फसवणुकीतून झालेली देणी आणि बायको-मुलांची पोटगी यांतून मात्र सुटका नाही.

इथे मला स्वच्छ सांगितले पाहिजे, की जळकोटच्या तीन एकरवाल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करा असा सल्ला मी देणार नाही. दिवाणी संहितेचे कलम ६० जप्तीपासून बरेच काही वाचवते. शेतकऱ्याचे राहते घर, त्याची अवजारे, लागतील तेवढी जनावरे आणि बियाणे, मजुराची मजुरी, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नये असा दागिना, म्हणजे मंगळसूत्र. या वस्तू नादारीतही रिसीव्हरकडे जात नाहीत. घर गहाण टाकलेले असेल तर ती गोष्ट निराळी. पण शेतजमीन या यादीत नाही. नादारीत पहिली जाईल ती जमीनच. उलट बँकेचे कर्ज असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन मुळातच वगळलेली आहे. बँकेला न्यायालयात न जाता परस्पर ताबा घेण्याचा जो झटपट अधिकार आहे, तो शेतजमिनीवर चालत नाही. म्हणजे ज्याला जमीन आहे त्याने भांडायचे ते निराळ्या ठिकाणी. ज्याला जमीन नाही, ज्याची चहाची टपरी किंवा कापडाचे दुकान बुडाले, जो ट्रॅक्टरच्या हप्त्यात आणि पाच जणांच्या उसनवारीत अडकला, त्याच्यासाठी मात्र नादारी ही प्रामाणिकपणे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. त्याला ती कुणी सांगत नाही. त्याला गाव सोडून पुण्या-हैदराबादला निघून जाण्याचा एकच उपाय ठाऊक असतो.

तुरुंगाच्या भीतीबद्दलही एवढ्यातच बोलून टाकू. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी बाईला अटक होतच नाही. पुरुषालाही दोन हजारांपर्यंतच्या रकमेसाठी नाही, आणि पाच हजारांच्या वर रक्कम असली तरी तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निर्वाळा दिला, की ज्याच्याकडे द्यायलाच काही नाही त्याला केवळ दिले नाही म्हणून तुरुंगात घालणे संविधानाच्या एकविसाव्या कलमाविरुद्ध आहे. मात्र कोरे धनादेश सही करून दिलेले असतील तर सावध. धनादेश न वटण्याचा खटला फौजदारी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस हातात असतात. पिशवीतून तो कागद निघाला तर त्याच दिवशी वकील गाठायचा.

नव्या कायद्यात तरी काही आहे का? २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचा तिसरा भाग साध्या माणसांसाठी आहे. त्यातली ‘नवी सुरुवात’ ही योजना खास गरिबांसाठी लिहिलेली: वर्षाचे उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत असेल तर अर्ज करून सहा महिन्यांत पाटी कोरी होऊ शकते. पण इतकी वर्षे उलटली तरी हा भाग साध्या माणसाला लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. कंपन्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण उभे राहिले, हजारो कोटींच्या कर्जातला मोठा हिस्सा सोडून देऊन तडजोडी झाल्या, आणि देशाने ते अर्थव्यवस्थेचे शहाणपण म्हणून मान्य केले. पस्तीस हजारांचे कर्ज सोडून देण्याची अधिसूचना मात्र निघत नाही. याचा राग यायलाच हवा.

आणि उद्या ती निघाली तरी जळकोटला तिचा उपयोग होईल का? दोन अडचणी मला दिसतात. पहिली, अर्ज कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे करायचा, आणि मराठवाड्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरला आहे. एका दिवसात जाऊन परत येण्यासारखी ती वाट नाही. मजुरी बुडवून, गाडीभाडे उसने घेऊन तिथे कोण जाईल? दुसरी अडचण खोल आहे. स्वतःच्या मालकीचे राहते घर असेल तर या योजनेत बसता येत नाही. इंग्लंडमध्ये २००९ पासून छोट्या कर्जदारांसाठी जी कर्जमुक्ती आदेशाची योजना आहे, तिच्याशी ही तरतूद फार मिळतीजुळती आहे. तिथला गरीब भाड्याच्या घरात राहतो, म्हणून घर असणे हे तिथे ऐपतीचे लक्षण ठरते. आपल्या वाडी-तांड्यावर सगळ्यात गरीब माणसालाही पत्र्याचे, मातीचे, नाहीतर घरकुल योजनेचे का होईना, स्वतःचे घर असते. ते त्याला विकता येत नाही, विकले तर गिऱ्हाईक नाही. या एका अटीने अख्ख्या ग्रामीण महाराष्ट्राला ‘नव्या सुरुवाती’बाहेर ठेवले आहे. तिसरा भाग लागू करा, ही मागणी करतानाच घराची अट काढा आणि अर्ज तालुक्याच्या न्यायालयात घ्या, हेही मागायला हवे.

इंग्लंडच्या त्या योजनेतली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलावी अशी आहे. तो अर्ज माणसाला एकट्याने करताच येत नाही; मान्यताप्राप्त कर्ज-सल्लागारामार्फतच करावा लागतो. म्हणजे आधी सल्ला, मग अर्ज. सल्लागार त्याची पिशवी उलटी करतो, कागद लावतो, आणि पुष्कळदा सांगतो की तुला याची गरजच नाही, दुसरा मार्ग बरा आहे. तो सल्ला मोफत असतो, आणि २०२४ च्या एप्रिलपासून अर्जाचे शुल्कही माफ झाले. सिटिझन्स ॲडव्हाइस ही संस्था १९३९ मध्ये, महायुद्ध सुरू झाले त्या आठवड्यात उभी राहिली. सल्ल्याची ही परंपरा तिथे तेवढी जुनी आहे.

आपली परंपरा तिच्याहून जुनी आहे, हे आपण विसरलो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, दंगल पसरली, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापोटी अटक करणे त्याने बंद केले. कागदावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता खरे किती दिले, खरे किती फिटले, याचा शोध घेण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. पन्नास रुपयांवर कर्ज असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करण्याची सोय दिली. आणि मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की शेतकऱ्याविरुद्ध दावा लावण्याआधी सलोखेदाराकडे जाणे सावकारावर बंधनकारक केले. या कायद्याखाली न्यायमूर्ती रानड्यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. सलोखेदारांच्या कामात दोष निघाले, पुढे ती व्यवस्था गेली. पण न्यायालयाच्या पायरीआधी एक माणूस उभा करायचा, हा विचार दीडशे वर्षांपूर्वी याच मराठी मुलखात कायद्यात आलेला होता.

आजचा त्या जागेचा माणूस कोण? १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानात ३९-क हा अनुच्छेद आला, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याप्रमाणे जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्यात तालुका विधी सेवा समिती असते. वकिलाची फी, न्यायालयाचे शुल्क, नकलांचा खर्च सगळा शासनाचा. लोक समजतात, खटला असेल तरच तिथे जायचे. कायद्यात ‘विधी सेवा’ याच्या व्याख्येतच कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणे हे बसवलेले आहे. हक्कदार कोण? अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतला माणूस. प्रत्येक स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो. फायनान्सच्या गटातल्या साऱ्याजणी यात आल्या. महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेला कोणीही; आणि उत्पन्नाबद्दल स्वतःचे शपथपत्र पुरेसे मानता येते, तहसीलच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालायची सक्ती नाही. आणि याच १२व्या कलमात आणखी एक वाक्य आहे, जे मराठवाड्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवले पाहिजे: पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीने ज्याच्यावर स्वतःचा दोष नसताना गरिबीची वेळ आली, तो मोफत कायदेशीर मदतीचा हक्कदार आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप सोसलेला, २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी प्यायलेला हा जिल्हा. हे वाक्य जणू लातूरला समोर ठेवून लिहिल्यासारखे आहे. तरीही दुष्काळ जाहीर होतो तेव्हा महसुलात सूट, वीजबिलात सूट, परीक्षा शुल्कात माफी असे सगळे जाहीर होते. ‘तुम्हाला आता मोफत वकील मिळू शकतो’ हे कुणी जाहीर करत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप ठाऊक आहे. लोकांना हे सगळे सांगितले तर कुणीच पैसे फेडणार नाही, पतसंस्था बुडतील, गरिबाला कर्जच मिळेनासे होईल. पतसंस्थांच्या ठेवीदारांत निवृत्त शिक्षक आणि विधवा बायका असतात, त्यांचे पैसे बुडाले तर तेही दुःखच आहे. मी हा आक्षेप झटकून टाकत नाही. पण नादारी म्हणजे हात झटकणे नव्हे. त्यात मिळकत स्वाधीन करावी लागते, हिशेब शपथेवर द्यावा लागतो, लपवाछपवी सापडली तर शिक्षा आहे. शिवाय आज काय घडते? एक थकबाकी भागवायला दुसरे कर्ज, दुसऱ्यासाठी सावकार, आणि शेवटी सगळेच बुडते, ठेवीदाराचेही. वेळेवर सल्ला मिळालेल्या माणसाकडून निदान काही वसूल होते. फास घेतलेल्या माणसाकडून काहीच होत नाही. आणि हक्क माहीत नसल्यामुळेच जी वसुली होते, ती टिकावी म्हणून माणसाला अंधारात ठेवायचे, हे म्हणणे मोठ्याने बोलून दाखवण्याची कुणाची छाती होणार नाही.

दुसरी अडचण अब्रूची. ‘नादार’ ठरलेल्याच्या पोरीचे लग्न जमेल का, हा प्रश्न जळकोटला खरा आहे. म्हणूनच मी सल्ल्यावर भर देतो, अर्जावर नाही. सल्ला घेणे गुपचूप होऊ शकते. १५१०० या मोफत क्रमांकावर फोन करायला कुणाची ओळख लागत नाही. सामाईक सेवा केंद्रातून ‘टेली-लॉ’वर वकिलाशी बोलता येते. सातबारा काढायला माणूस तिथे जातोच.

कर्जमाफीने हे काम होईल, अशीही एक आशा गावागावांत असते. २००८, २०१७, २०१९ या माफ्यांनी अनेकांना श्वास मिळाला, हे मी नाकारत नाही. पण त्या बँका आणि सोसायट्यांच्या शेतीकर्जापुरत्या होत्या. सावकार, पतसंस्थेची जामीनकी, फायनान्स, उधारी त्यांच्या कक्षेत नव्हती. आणि माफी ही सरकारच्या मनात आली तर मिळते, तिच्यासाठी थकबाकीदार राहून वाट पाहावी लागते. १९७५ च्या महाराष्ट्र कर्ज साहाय्य कायद्याने अल्पभूधारक, भूमिहीन मजूर आणि कारागीर यांची सावकारी कर्जे सरळ रद्द केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो कायदा उचलून धरला. केरळने २००६ मध्ये शेतकरी कर्जसाहाय्य आयोगाचा कायदा केला. उदगीर-देगलूरच्या पलीकडे असलेल्या तेलंगणाने २०१६ मध्ये छोटे शेतकरी, शेतमजूर आणि कारागीर यांच्यासाठी तसाच कायदा केला. महाराष्ट्राकडे असा कायम आयोग का नसावा, याचे उत्तर लोकप्रतिनिधींनी द्यायला हवे.

मात्र आयोगाची वाट न पाहताही करता येईल असे काम आहे. वसुलीच्या प्रत्येक पहिल्या नोटिशीवर, मग ती सोसायटीची असो, पतसंस्थेची असो, बँकेची असो की फायनान्सची, रकमेच्या आकड्याएवढ्याच मोठ्या मराठी अक्षरांत चार ओळी छापणे सक्तीचे करावे: या नोटिशीला उत्तर देण्याची मुदत अमुक तारखेपर्यंत आहे, त्याआधी तुम्ही मोफत कायदेशीर सल्ला घेऊ शकता, तालुका विधी सेवा समितीचा पत्ता हा, फोन १५१००. तालुक्यातल्या विधी स्वयंसेवकांपैकी एकाला तरी कर्जाचे कागद वाचायचे वेगळे शिक्षण द्यावे आणि खरीप कर्जवाटपाच्या दिवसांत त्याला समितीच्या कार्यालयात न बसवता जिल्हा बँकेच्या शाखेत बसवावे. सोसायट्या आणि पतसंस्थांपुरते हे करायला विधानसभेत कायदा आणावा लागत नाही. सहकार आयुक्तांचे एक परिपत्रक पुरे, आणि ते येत्या जूनच्या आत निघू शकते.